गाडी लागण्याची गोळी पोटासाठी नसतेच

बस लागते म्हणून घाट सुरू होण्याआधी ॲसिडिटीची गोळी घेणारे पुष्कळ असतात. पण पोट इथे हुकमाचं ताबेदार. तक्रार येते ती कानातून. आंबेनळी घाटात मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या माणसाचे डोळे सांगतात, ‘सगळं स्थिर आहे.’ अंतर्कर्णातला तोल सांभाळणारा अवयव मात्र वळणावळणाला ‘हललो, हललो’ म्हणून कळवत असतो. दोन्हींचा मेळ बसेना, की मळमळ सुरू. ज्यांचा हा अवयव पूर्ण निकामी असतो, त्यांना गाडी लागतच नाही.

गंमत अशी, की यावरचं एक नामी औषध पित्तावरच्याच उपचारात सापडलं. फक्त ते अंगावर उठणारं पित्त होतं. १९४७ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लेस्ली गे आणि पॉल कार्लिनर हे डॉक्टर ॲलर्जीवरचं नवं औषध तपासत होते. अंगावर गांधी उठणाऱ्या एका गरोदर बाईने सांगितलं, की गोळी सुरू झाल्यापासून ट्राम लागत नाही. डॉक्टरांनी गुपचूप औषध नसलेली गोळी दिली, तर त्रास पुन्हा हजर! त्याच नोव्हेंबरात न्यूयॉर्कहून जर्मनीला निघालेल्या सैनिकी जहाजावर मोठी चाचणी झाली. तेच पुढे ‘ड्रामामिन’ म्हणून गाजलं.

आपल्याकडे दुकानात सहज मिळणारी ‘ॲव्होमिन’, म्हणजे प्रोमेथाझिन, याच घराण्यातली. कानाकडून मेंदूतल्या उलटीच्या केंद्राकडे जाणारे हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन या रसायनांचे निरोप ती अडवते. त्यासाठी मेंदूत शिरावं लागतं, म्हणून झोपही येते. ॲलर्जीवरचंच सेटिरिझिन मेंदूत फारसं शिरत नाही. झोप कमी, पण इथे उपयोगही नाही. केमोथेरपीच्या उलट्या थोपवणारं ऑन्डॅनसेट्रॉनसुद्धा घाटात फारसं कामाला येत नाही.

गोळी निघण्याआधी तास-दोन तास घ्यावी. मळमळ सुरू झाली, की पोटाचं काम मंदावतं आणि गोळी तिथेच पडून राहते. गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये आणि दारूबरोबर तर नकोच. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन मुळीच देऊ नये, श्वास मंदावण्याचा धोका असतो. सुदैवाने त्या वयात गाडी सहसा लागतही नाही.