राहून गेलेल्याची रुखरुख

केलेल्याचा पश्चात्ताप होतो आणि राहून गेलेल्याची रुखरुख लागते. मराठीत या दोन भावनांना आधीपासूनच वेगळे शब्द आहेत. मानसशास्त्राला मात्र त्यांच्यातला फरक मोजायला विसावं शतक संपत यावं लागलं.

१९८२ साली डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी लोकांपुढे एक गोष्ट ठेवली. दोन गुंतवणूकदारांचं सारखंच नुकसान होतं. एकाचं शेअर बदलल्यामुळे, दुसऱ्याचं बदलायचं मनात असून न बदलल्यामुळे. जास्त हळहळ कोणाला वाटेल? ९२ टक्के लोकांनी बदलणाऱ्याकडे बोट दाखवलं. म्हणजे हातून घडलेलंच जास्त डाचतं, असा निष्कर्ष निघाला.

पुढे १९९४ मध्ये टॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी प्रश्नात काळ आणला. गेल्या आठवड्यातली सर्वांत मोठी खंत विचारली, तर केलेलं आणि न केलेलं जवळपास निम्मं-निम्मं निघालं. अख्ख्या आयुष्यातली विचारली, तेव्हा मात्र ८४ टक्के लोकांनी न केलेली गोष्ट सांगितली.

असं का व्हावं? केलेली चूक आपण निस्तरतो. माफी मागतो, नोकरी सोडतो, अगदीच काही नाही तर ‘चला, त्यातून शिकलो तरी’ म्हणून मोकळे होतो. न केलेल्या गोष्टीत निस्तरायला काही हाताशीच नसतं. मित्राशी अबोला धरला, फोन उचलून पुन्हा ठेवला. त्या वेळी छातीत झालेली धडधड वीस वर्षांनी आठवत नाही. उरतं ते एवढंच, की ‘एक फोन तर करायचा होता!’ शिवाय घडलेल्याचे परिणाम ठरलेले असतात, न घडलेल्याचे आपण हवे तेवढे रंगवू शकतो.

मृत्युशय्येवरच्या खंतांच्या याद्या आपण आवडीने वाचतो. त्या बहुतेक शुश्रूषा करणाऱ्यांच्या आठवणींतून आलेल्या असतात. मोजमाप म्हणून त्या मला कच्च्या वाटतात. शिवाय सगळेच म्हातारे हळहळत बसतात, हेही खरं नाही.

२०१२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी तरुणांना, निरोगी वृद्धांना आणि नैराश्य असलेल्या वृद्धांना मेंदूचा स्कॅन चालू असताना एक खेळ दिला. रांगेत आठ पेट्या, सातांत सोनं, एकीत सैतान. पेट्या एकेक उघडत जायचं, हवं तिथे थांबून मिळालेलं सोनं खिशात घालायचं. सैतान निघाला तर त्या डावातलं सगळं गेलं. थांबल्यावर सैतान नेमका कुठे होता ते दाखवत, म्हणजे किती सोनं हुकलं तेही कळे. हुकलेलं पाहून तरुण पुढच्या डावात जास्त धोका पत्करत, नैराश्यातले वृद्धही. या दोन्ही गटांच्या मेंदूत बक्षिसाची दखल घेणारा भाग हुकलेलं सोनंही गमावल्यासारखंच धरत होता. निरोगी वृद्धांच्या मेंदूत ती खळबळ दिसली नाही; पदरी पडलं तेवढं घेऊन ते पुढचा डाव पहिल्यासारखाच खेळत.