टीव्हीवाली मावशी आणि 'एमिरा'वाली मावशी

२६ आठवड्यांची रजा संपली आणि पोराला पाळणाघरात ठेवायची वेळ आली. पहिलं पाळणाघर लई चकाचक होतं, भिंतीवर हत्ती-जिराफ, खेळण्यांचा ढीग. पण कधीपण जा, टीव्हीवर रंगीत गाणी चालू आणि पाच-सहा बाळं समोर गप बसलेली. मावशी म्हणायच्या, बघा ताई, अजिबात त्रास नाही देत. मलापण बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग वाचत बसले. अमेरिकेत पॅट्रिशिया कुल या संशोधक बाईंनी नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला, २००३ साली छापून आला. काही बाळांसमोर चिनी बोलणारं माणूस बसवलं, खेळणी दाखवत, पुस्तक वाचत, १२ बैठका. तेवढ्यात ती बाळं चिनी भाषेतले वेगळे आवाज ओळखायला लागली. दुसऱ्या बाळांना तेच सगळं टीव्हीवर दाखवलं, तर काहीच शिकली नाहीत. शून्य! जागतिक आरोग्य संघटनापण सांगते की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच.

कारण बाळाला नुसता आवाज पुरत नाही, उत्तर लागतं. ते 'अग्गू' म्हणालं की समोरच्यानं 'हो का रे' म्हणायचं, मग थांबायचं, परत त्याची पाळी. मेंदूतली जोडणी या देवाणघेवाणीतून पक्की होत जाते, आणि पहिल्या काही वर्षांत सेकंदाला दहा लाखांच्या वर नव्या जोडण्या होतात म्हणतात. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी आयांना सांगितलं, बाळाशी खेळता खेळता काही मिनिटं चेहरा एकदम दगडासारखा करा. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, ओरडतं, शेवटी तोंड फिरवून रडायलाच लागतं. (मोबाईलमधे डोकं घातलं की आपला चेहरा कसा दिसतो ते मला तेव्हा कळलं.)

आता पोरगा सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मावशींकडे असतो. दोनच खोल्या, चादरीची झोळी, सगळी मिळून तीन बाळं. त्यांच्या घरात तेलुगू, आधी विड्या वळायच्या. लंगोट बदलतानासुद्धा तोंड चालू, "एमिरा (म्हणजे काय रे)? ओलं केलंस? थांब थांब, झालं." तो पाय झाडत हुंकार देतो, त्या हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघतात आणि परत "एमिरा?"

सासूबाईंना काळजी, दोन भाषांनी पोर गोंधळेल, उशिरा बोलेल. तसं होत नाही. साधारण सहा महिन्यांपर्यंत बाळाला जगातल्या जवळजवळ सगळ्या भाषांचे बारीक फरक कळतात, नंतर वर्षाचं होईपर्यंत जे रोज कानावर पडतं तेवढ्यावर कान बसतो. आपल्या सोलापुरात तर मराठी, तेलुगू, कन्नड एकाच गल्लीत, मग पोराचं नुकसान कसलं? आणि सारखं कडेवर घेतलं की लाडावतं हेपण सोडून द्या, एवढ्याशा जिवाला स्वतःचं रडं स्वतः आवरता येत नाही, कुणीतरी आवरून द्यावं लागतं.

म्हणून पाळणाघर बघायला गेलात तर खेळणी नंतर मोजा, एका मावशीकडे बाळं किती आणि मावशी सारख्या बदलतात का ते आधी विचारा.

परवा न्यायला गेले, दारातून "ये रे, ये रे" करून घसा बसला तरी हा ढिम्म. मावशी आतून तेलुगूत म्हणाल्या, "रा, रा," आणि साहेब रांगत सुटले, माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे.