ग्रे स्क्रीन आणि एएलआर स्क्रीन: रंग एक, काम वेगळे

उजेड असलेल्या दिवाणखान्यात प्रोजेक्टर लावायचा म्हटले की दुकानदारापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांचा सल्ला ठरलेला असतो: ‘पांढरी स्क्रीन नको, ग्रे घ्या, उजेडात ग्रेच चालते.’ हा सल्ला चुकीचा आहे आणि तो ऐकून लोकांनी पैसे घालवलेले मी अनेकदा पाहिले आहेत. उजेडाच्या खोलीसाठी बनवलेली एएलआर स्क्रीन, म्हणजे भोवतालचा प्रकाश झिडकारणारी स्क्रीन, हीदेखील बहुधा करडीच दिसते. गोंधळाचे मूळ इथे आहे. रंग सारखा म्हणून गुणही सारखा, असे गृहीत धरले जाते आणि साधे करडे पीव्हीसी कापड ‘एएलआर ग्रे’ अशा नावाने खपवले जाते, याचा मला मनापासून राग येतो.

पांढरी मॅट स्क्रीन सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यावर पडणारा प्रकाश ती सगळ्या दिशांना सारखा पसरवते, म्हणून कुठेही बसले तरी चित्र सारखेच दिसते. करडी मॅट स्क्रीन नेमके हेच करते, फक्त थोडा प्रकाश स्वतः शोषून घेते.

प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. तो फार तर प्रकाश थांबवू शकतो. त्यामुळे प्रोजेक्टर बंद असताना भर दुपारी स्क्रीन जशी दिसते, त्याहून गडद काळा त्या वेळी मिळणे शक्य नाही, मग खोक्यावर कॉन्ट्रास्टचा, म्हणजे उजळ आणि काळ्या भागाच्या गुणोत्तराचा, आकडा कितीही मोठा छापलेला असो. आता १०० इंची, १६:९ आकाराची स्क्रीन घ्या. तिचे क्षेत्रफळ साधारण २.७५ चौरस मीटर भरते. प्रोजेक्टर खरोखर २,२०० लुमेन (एकूण प्रकाशाचे माप) देत असेल, तर स्क्रीनवर सुमारे ८०० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला ८०० लुमेन, प्रकाश पडतो. खोलीतला उजेड त्याच जागी १०० लक्स आहे असे धरू. पांढऱ्या भागावर दोन्ही मिळून ९०० आणि काळ्या भागावर नुसते १००, म्हणजे गुणोत्तर ९:१. याच जागी ०.८ गेनची, म्हणजे पडलेला प्रकाश ०.८ पट परत देणारी, करडी स्क्रीन लावली तर पांढरा भाग ७२० वर येतो आणि काळा ८० वर. गुणोत्तर पुन्हा ९:१. काळा थोडा गडद झाला हे खरे, पण पांढराही तेवढ्याच प्रमाणात मंदावला, कारण हा प्रकाश प्रोजेक्टरचा की बाल्कनीतून आलेला, हे करड्या रंगाला कळत नाही.

एएलआर स्क्रीन मात्र प्रकाश कोणत्या दिशेने आला यावरून निवड करते, आणि खरा फरक हा आहे. अल्ट्रा शॉर्ट थ्रो, म्हणजे स्क्रीनच्या अगदी जवळ खाली ठेवून वर चित्र फेकणाऱ्या, प्रोजेक्टरसाठी असलेल्या एका प्रकारात पृष्ठभागावर करवतीच्या दात्यांसारख्या बारीक आडव्या कडा असतात. दात्याची खालची बाजू खालून येणारा प्रकाश प्रेक्षकाकडे वळवते, तर वरची काळी बाजू छताकडून येणारा उजेड शोषून घेते. समजा, अशा स्क्रीनने प्रोजेक्टरचा प्रकाश ०.८ पट परत दिला आणि खोलीतला उजेड ०.२ पटच, तर पांढरा भाग ६६० आणि काळा २० होतो, गुणोत्तर ३३:१. रंगाच्या डब्यातून हे कधीच साधणार नाही.

दिशेवर चालणाऱ्या वस्तूला दिशेच्या अटीही असतात. दातेरी स्क्रीनवर छताला टांगलेल्या प्रोजेक्टरने चित्र फेकले तर ती त्याचाच प्रकाश गिळते. लांबून फेकणाऱ्या प्रोजेक्टरसाठी एएलआरचा दुसरा प्रकार मिळतो, जो काहीसा आरशाच्या नियमाने वागतो: बाजूच्या खिडकीतून आलेला प्रकाश समोरच्या भिंतीकडे जातो, प्रेक्षकाकडे येत नाही. पण खिडकी सोफ्याच्या मागे, स्क्रीनच्या बरोबर समोर असेल, तर तो उजेड प्रोजेक्टरच्याच दिशेने येतो आणि ही स्क्रीनही तो झिडकारू शकत नाही. अशा घरात स्क्रीनची भिंत बदलावी. बाजूला बसणाऱ्यांना चित्र मंद दिसणे आणि मधोमध उजळ डाग पडणे, हे या स्क्रीनचे दोष आहेत. मला ते मान्य आहेत.

करडी स्क्रीन निरुपयोगी नाही. अंधाऱ्या खोलीत भिंती पांढऱ्या असतील, तर चित्राचा प्रकाश भिंतींवर जाऊन पुन्हा स्क्रीनवर येतो. तो परतीचा प्रकाश करडी स्क्रीन कमी करते. तिची जागा तिथे आहे.

लुमेनबद्दल थोडक्यात: एएनएसआय किंवा आयएसओ २१११८ या मोजणीच्या मानकांप्रमाणे मोजलेलाच आकडा धरावा, बाकीचे सोडून द्यावेत. लुमेन दुप्पट केले तरी वरच्या हिशेबात गुणोत्तर १७:१ पर्यंतच जाते. जाड पडदे ओढून १०० लक्सचे २० केले तर ते त्याच पांढऱ्या स्क्रीनवर ४१:१ होते. म्हणून माझा आग्रह आधी पडद्यांचा, मग एएलआरचा, आणि जास्त लुमेनचा शेवटी.

माझ्या धाकट्या भावाने पश्चिमेच्या बाल्कनीलगतच्या भिंतीला हौसेने करड्या रंगाचे दोन हात दिले होते. संध्याकाळी पाच वाजता क्रिकेटचा सामना बरा दिसायचा, कारण हिरवे मैदान मुळातच उजळ. पण चित्रपटात रात्रीचा प्रसंग आला की कंदिलाच्या ठिपक्याशिवाय काही उरायचे नाही. पुढे त्याने अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर घेतला, तेव्हा मी दातेरी स्क्रीनचा वहीच्या पानाएवढा नमुना मागवून त्याच भिंतीवर चिकटवला. दिवे मालवून मोबाइलची बॅटरी वरून धरली, तर भिंत उजळली आणि तुकडा काळाच राहिला. खालून धरली, तर दोन्ही उजळले. मग भावाने तुकडा काढून उलटा लावला आणि ट्यूबलाइट सुरू केली. मघाचा काळा तुकडा आता भिंतीसारखाच फिकट दिसत होता, भिंत मात्र होती तशीच होती.