अंगणवाडी ते साठ शब्द: ठाणे जिल्ह्यातल्या वाचनशिक्षणाची पार्श्वभूमी

मूल शाळेत बसले की वाचायला शिकणारच, हे गृहीत धरण्यात विकसनशील देशांची बरीच वर्षे गेली. १९९० च्या जोमतिएन (थायलंड) इथल्या ‘सर्वांसाठी शिक्षण’ परिषदेनंतर सगळे लक्ष पटावर होते. वर्गखोल्या बांधा, नावे नोंदवा. पुस्तक हातात दिल्यावर मुलाला काय कळते, हा प्रश्न रांगेत मागे राहिला.

ठाणे जिल्ह्यात मात्र तो फार आधी विचारला गेला होता. १९४५ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, सोबत त्यांच्या सहकारी अनुताई वाघ. गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा वेगळा झाला २०१४ मध्ये. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. आज तो सरकारी फलकावर इतका रुळला आहे की त्यातले अंगण कुणाला दिसत नाही. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शंख-शिंपले, पाने वापरली. वाचनाआधी बोलणे, गाणी, गोष्टी हा क्रम त्यांनी कटाक्षाने पाळला.

एरवी शाळांतली रीत ठरलेली: आधी सगळी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग जोडाक्षरे. शब्दापर्यंत पोहोचायलाच वर्ष सरते. त्यात घरी वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकातली मराठी परकी. शहापूर-मुरबाडकडची कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे मुलाची ऐन बाराखडी भट्टीवर जाते. ‘विधायक संसद’ या संस्थेने भट्ट्यांवर भोंगाशाळा, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांजवळच्या शाळा, चालवल्या त्या याच कारणाने.

मोजणी सुरू झाली ती एकविसाव्या शतकात. १९९० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या वस्त्यांत बालवाड्यांपासून सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून ‘असर’ सर्वेक्षण आणले. कार्यकर्ते मुलांना शाळेत न तपासता घरी तपासतात, मुलासमोर एक कागद धरतात: अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. निकालांनी सगळ्यांची झोप उडाली. २०१८ मध्येही ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम निम्मी, ५०.५ टक्के, ती गोष्ट वाचू शकत होती. करोनानंतर, २०२२ मध्ये, हा आकडा ४२.८ वर घसरला.

‘असर’ सुरू झाले साधारण त्याच सुमारास, २००६ मध्ये, अमेरिकी मदतसंस्थेच्या पैशातून ‘एग्रा’ ही सुरुवातीच्या इयत्तांची वाचनचाचणी तयार झाली आणि आफ्रिकेपासून लॅटिन अमेरिकेपर्यंत पसरली. तिचा गाभा म्हणजे मिनिटाला मूल किती शब्द बरोबर वाचते. कसोटी स्वस्त, सुटसुटीत, मंत्र्यालाही कळणारी. पण मराठीचे काय करायचे? ‘घरातल्यांनाही’ हा आपला एक शब्द; इंग्रजीत त्याचे पाच-सहा होतील. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारायची नंतर. एका लिपीतला वेग दुसऱ्या लिपीला लावणे मला तरी कधी पटलेले नाही.

२०११ पासून काही वर्षे वाडा तालुक्यात (तेव्हा तोही ठाणे जिल्ह्यातच) आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये मुलांच्या वाचन-लेखनाचा दीर्घ अभ्यास झाला. संशोधकांनी तीच मुले पहिली ते तिसरी सलग पाहिली आणि वर्गात बसून शिकवणेही पाहिले. बराच वेळ फळ्यावरचे उतरवून घेण्यात आणि एका सुरात म्हणण्यात जातो. वाचलेल्याबद्दल बोलणे क्वचित. अनुताईंना हे सांगण्यासाठी अभ्यासाची गरज पडली नसती.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम काढला, केंद्राने जुलै २०२१ मध्ये पायाभूत वाचन-गणितासाठी ‘निपुण भारत’. ‘निपुण’ची मुदत २०२६-२७, तिसरीअखेरचे लक्ष्य मिनिटाला किमान साठ शब्द. अर्थ समजून, असे त्यात लिहिले आहे. अर्थाची बाजू मिनिटात मोजता येत नाही, त्यामुळे तपासणीच्या दिवशी घड्याळच पुढे होते.

एक गोष्ट याच जिल्ह्यातल्या नवी मुंबईकरांच्या सहसा ध्यानात येत नाही. ‘असर’ फक्त ग्रामीण भागात होते. मुरबाडच्या पाड्यावरचे मूल त्यात येऊ शकते. दिघा किंवा तुर्भ्याच्या झोपडपट्टीतले, घरी भोजपुरी, कन्नड किंवा वडारी ऐकत महापालिकेच्या मराठी शाळेत बसणारे मूल त्या कागदासमोर कधीच येत नाही.