पर्यावरण आणि सार्वजनिक धोरणातलं तंटानिवारण : शिक्षण आणि करिअर

धरण, विमानतळ, बंदर, डम्पिंग ग्राउंड, पाणथळ जागा यांवरून सरकार, कंपनी, गावकरी आणि पर्यावरणवाले यांच्यात जी भांडणं होतात ती कोर्टाच्या तारखांवर न सोडता सगळ्यांना समोरासमोर बसवून सोडवायची, या कामाला पर्यावरण आणि सार्वजनिक धोरणातलं तंटानिवारण म्हणतात. परदेशात यावर मास्टर्स करता येतं. भावकीच्या वाटणीत दोन-तीन पार्ट्या असतात, इथे पंधरा-वीस, आणि त्यातले फ्लेमिंगो तर मीटिंगला येतच नाहीत.

सुरुवात अमेरिकेतली. वॉशिंग्टन राज्यात स्नोक्वाल्मी नदीवर धरण बांधायचं की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालू होता. शेतकऱ्यांना पूर नको होता, पर्यावरणवाल्यांना धरण नको होतं, कारण पूर थांबला की दरीत बिल्डर घुसणार ही भीती (नवी मुंबईत राहणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको). १९७३ मध्ये गव्हर्नरच्या पाठिंब्याने जेराल्ड कॉर्मिक आणि जेन मॅकार्थी मध्यस्थ म्हणून बसले, १९७४ मध्ये समझोता झाला. गंमत म्हणजे ते धरण पुढे बांधलंच गेलं नाही, तरी या क्षेत्राची पहिली मोठी केस म्हणून हीच सांगतात. १९९८ च्या कायद्याने अमेरिकेत या कामासाठी सरकारी संस्थाच उभी राहिली, ॲरिझोनातल्या टूसॉनला.

आपल्याकडे याच नावाची डिग्री शोधत बसण्यात अर्थ नाही, शेजारच्या दारातून आत जायचं. वाशीहून हार्बरने गोवंडीला उतरलं की देवनारचं टिस (टाटा समाजविज्ञान संस्था), तिथे हॅबिटॅट स्टडीज म्हणजे शहर, पाणी, पर्यावरण यांचा अभ्यास आहे. पवईला आयआयटी बॉम्बेत पब्लिक पॉलिसीचं मास्टर्स आहे. नाहीतर एलएलबी करून पर्यावरण कायद्याकडे वळायचं. वाटाघाटी, पर्यावरण परिणामांचा अभ्यास म्हणजे ईआयए, भूसंपादन कायदा, थोडं जीआयएस म्हणजे संगणकावरचं नकाशाकाम, एवढं वर्गात येतं. पण सातबारा वाचता येणं आणि कोळीवाड्यात बसून कोणाचं जाळं खाडीत कुठे लागतं हे समजून घेणं हे कोर्समधून फारसं मिळत नाही आणि माझ्या मते निम्मं काम तेच आहे.

नवी मुंबई-उरण भागात शिकण्यासारख्या केसेस भरपूर. १९७० मध्ये सिडको, म्हणजे शहर वसवणारी सरकारी कंपनी, आली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेतली. जानेवारी १९८४ मध्ये भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई भागात पोलिसांच्या गोळीबारात ५ जण गेले, त्यातूनच पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढी विकसित जमीन परत देण्याची योजना आली आणि विमानतळाच्या वेळी तोच आकडा साडेबावीसवर गेला. म्हणजे टेबलावर जागा मिळायच्या आधी रस्त्यावर उतरावं लागलं, आणि नुसतं 'चला चर्चा करू' म्हणणाऱ्या फॅसिलिटेटरकडे इथली गावं संशयाने बघतात ते उगाच नाही. उरणचंही तसंच, बंदराच्या विस्तारात मासेमारीची जागा गेली म्हणून पारंपरिक मच्छीमार हरित लवादाच्या (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायाधिकरण) पुण्याच्या बेंचकडे गेले, आणि २०१५ मध्ये लवादाने १,६३० कुटुंबांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितली.

कायद्याची अडचण अशी की मेडिएशन ॲक्ट, २०२३ च्या पहिल्या परिशिष्टात मध्यस्थीला न चालणाऱ्या वादांची यादी आहे आणि त्यात भूसंपादनही आहे आणि हरित लवादाच्या अधिकारातले विषयही, म्हणजे नवी मुंबईतली दोन्ही मुख्य भांडणं बाहेर. त्याच कायद्यात सामुदायिक मध्यस्थी आहे, पण ती परिसरातल्या शांततेच्या तंट्यांसाठी, आणि तिथला समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येत नाही. २००७ ची तंटामुक्त गाव मोहीम आठवत असेल तर साधारण त्याच जातकुळीतलं.

त्यामुळे नोकरी मिळते ती भांडण कोर्टात जायच्या आधीच्या टप्प्यावर. ईआयए कन्सल्टन्सी, सामाजिक परिणाम अभ्यास, पुनर्वसन अधिकारी, एनजीओ, वकिलाच्या ऑफिसात रिसर्च. जागतिक बँक किंवा जायका (जपान सरकारची कर्ज देणारी संस्था) यांचं कर्ज असलेल्या प्रकल्पांत बाधितांशी बोलणं ही कर्जाची अटच असते म्हणून तिथे माणसं लागतात, अटल सेतू जायकाच्या कर्जातलाच. सगळ्यात जास्त शिकायला मिळतं जनसुनावणीत, म्हणजे प्रकल्पाच्या मंजुरीआधी लोकांचं म्हणणं ऐकायच्या सभेत. २००६ च्या ईआयए अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवस आधी नोटीस, प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजक, अध्यक्षस्थानी कलेक्टर किंवा किमान अतिरिक्त कलेक्टर दर्जाचा अधिकारी, सगळ्याचं शूटिंग, आणि शेवटी इतिवृत्त लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचं. पण तिथे निर्णय होत नाही, फक्त नोंद होते. आणि वाचन होईपर्यंत अर्धा मंडप घरी गेलेला असतो, म्हणून नवशिक्याला मी सांगेन, वाचन संपेपर्यंत थांब आणि काय गाळलं ते लिहून घे.

पगाराचं म्हणाल तर कंपनीकडे जास्त, एनजीओत कमी, सांगायला नको. खरा पेच वेगळा आहे, ईआयए करणाऱ्या कन्सल्टंटची फी प्रकल्पवालाच देतो, त्यामुळे रिपोर्ट कितीही प्रामाणिक असला तरी गावाला तो समोरच्या पार्टीचाच वाटतो. यावर परदेशात वापरतात तो उपाय म्हणजे संयुक्त तपास, दोन्ही बाजूंनी मिळून तज्ज्ञ निवडायचा, काय मोजायचं ते आधी ठरवायचं आणि मगच आकडे काढायचे.