ब्रॅडीकार्डिया आणि हृदयातलं घटिकापात्र

मागच्या महिन्यात मामेभावाच्या ऑफिसात हेल्थ चेकअप झालं आणि ईसीजीच्या कागदावर मशीननेच वरती छापून दिलं, सायनस ब्रॅडीकार्डिया, रेट ५२. त्याने फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. मग काय, अर्ध्या तासात अर्जुनाची साल झाली, लसणाचा काढा झाला, एका काकांनी तर पेसमेकरला किती खर्च येतो तेही कळवून टाकलं. पठ्ठ्या रोज पहाटे १० किलोमीटर पळतो हे कुणाच्याच लक्षात नाही.

मुळात शब्द साधा आहे. ग्रीकमधे ब्रॅडिस म्हणजे मंद, कार्डिया म्हणजे हृदय. मिनिटाला ६० च्या खाली ठोके पडले की ब्रॅडीकार्डिया म्हणायचं, बस. ताप म्हटलं की टायफॉइड ठरत नाही, तसंच हे. आणि ६० हा आकडाही गोल आहे म्हणून धरलेला, अमेरिकन हृदयतज्ज्ञांच्या २०१८ च्या गाइडलाइनमधे ५० च्या खाली धरलंय. झोपेत तर धडधाकट माणसाचेही ठोके चाळिशीत जातात, त्यामुळे रात्री स्मार्टवॉचने ४६ दाखवलं म्हणून उठून बसू नका.

पण ठोका मंद होतो म्हणजे नक्की काय होतं? मला या सगळ्यात आवडतो तो हाच भाग.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा छोटासा पुंजका असतो (ईसीजीच्या कागदावरचं सायनस ते हेच), कीथ आणि फ्लॅक या दोघांनी १९०७ मधे तो दाखवून दिला. बाकीच्या बहुतेक हृदयपेशी कुणी डिवचल्याशिवाय हलत नाहीत, या मात्र स्वतःहून ठोका देतात. लग्नात मुहूर्तासाठी पूर्वी घटिकापात्र ठेवायचे, आठवतंय? बुडाला बारीक भोक असलेलं भांडं पाण्यात तरंगत ठेवायचं, हळूहळू पाणी शिरतं, भरलं की बुडतं, की एक घटका झाली, रिकामं करून परत सोडायचं. सायनस नोडची पेशी तशीच. ठोका झाला की तिच्या आतला विद्युतदाब साधारण उणे ६० मिलिव्होल्टपर्यंत उतरतो, लगेच सोडियम आत झिरपायला लागतं, दाब चढत चढत उणे ४० च्या आसपास आला की कॅल्शियमची दारं उघडतात आणि ठोका! परत खाली, परत झिरपणं सुरू. या झिरपणाऱ्या प्रवाहाला शास्त्रज्ञांनी नाव काय दिलं, तर फनी करंट, म्हणजे विचित्र प्रवाह, कारण पेशीतली बहुतेक अशी दारं दाब चढला की उघडतात आणि ही दाब उतरल्यावर उघडतात. १९७९ मधला शोध आहे हा. हा प्रवाह अडवणारी गोळीसुद्धा आहे, इव्हाब्रॅडीन, आणि गंमत म्हणजे ती घेणाऱ्या काहींना डोळ्यांपुढे प्रकाश चमकल्यासारखा दिसतो, कारण त्याच जातीची दारं डोळ्याच्या पडद्यातही असतात.

आता भोक लहान केलं तर पात्र उशिरा बुडणार. मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस नावाची नस हेच करते, शिवाय पोटॅशियम बाहेर सोडून पात्र आणखी उंच तरंगवते. तरुण माणसाच्या सायनस नोडला एकटं सोडलं तर तो १०० च्या आसपास पळतो, आपले ७० हे व्हेगसने लगाम ओढल्यामुळे. हृदयरोपण केलेल्या माणसाची ही नस तुटलेली असते म्हणून त्याची नाडी बसल्या जागीही ९०-१०० असते. पळणाऱ्यांचा लगाम घट्ट असतो असं मानतात, शिवाय उंदरांना पळवून बघितलं तर त्यांच्या नोडमधली फनी दारंच कमी झालेली सापडली.

योगी हृदय बंद पाडतात हा फॉरवर्डही येतोच. १९६१ मधे वेंगर, बागची आणि आनंद यांनी भारतातल्या अशा योग्यांना ईसीजी लावून पाहिलं. श्वास कोंडून छाती आवळली की मनगटावरची नाडी लागेनाशी होते, स्टेथोस्कोपमधेही ऐकू येत नाही, पण ईसीजीवर ठोके चालूच. ठोके मंद होणं खरं, थांबणं नाही.

काळजी कधी करायची? चक्कर, शुद्ध हरपणं, जिना चढताना दम लागणं, यातलं काही असेल तर. मग थायरॉइड बघतात, औषधं बघतात, आणि नोडचा निरोप खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतोय का ते बघतात, तो पूर्ण तुटला असेल तर बहुतेक वेळा पेसमेकर लागतो, काढ्याने काही होत नाही.

मामेभावाला डॉक्टरांनी पळत राहा सांगितलं. पण ग्रुपवरचा गोंधळ वाचून आमच्या आत्याने घड्याळ लावून स्वतःची नाडी मोजली, पूर्ण मिनिटात ४४, आणि तिला महिनाभर उठताना गरगरत होतं. ती वयाचं म्हणून सोडून देत होती. काचबिंदूसाठी ती टिमोलॉलचे थेंब घालते, ते डोळ्यातून रक्तात उतरतात आणि ठोके मंद करू शकतात हे घरात कुणाच्या गावीही नव्हतं. डॉक्टरांनी थेंब बदलून दिले, आता ६४ आहे.