नवतप्यातही तगणारी कोरांटी, तीही नीटनेटक्या आंगणात

आंगणात गुलाब लावायचे अन् मे महिन्यात बोअर आटली की कपाळाला हात लावून बसायचं, आणि तिकडे धुऱ्यावर पिवळी कोरांटी कोणी पाणी न घालता उभी असते तिच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, असं आपलं चालतं. का तर म्हणे काटे आहेत अन् झुडूप कसंही पसरतं. काटे आहेत, चांगलेच टोचतात, त्यामुळे लेकरं खेळतात तिथे नकोच. पसरण्यावर मात्र इलाज आहे.

ही अडुळशाच्या कुळातली, शास्त्रीय नाव बार्लेरिया प्रायोनायटिस. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा 45 च्या वर गेला की ही बरीच पानं गाळून टाकते, झाडातलं पाणी मुख्यतः पानांच्या बारीक छिद्रांतून उडतं ना, मग पानं कमी तर पाण्याचा खर्चही कमी. लोक म्हणतात वाळली, अन् उपटून फेकतात. आधी नखानं साल खरवडून बघा, आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे.

फांदी खोचली तरी लागते पण तिला सोटमूळ येत नाही, म्हणून कोरड्या जागी बियांपासून केलेलं रोप बरं, त्याचं मूळ सरळ खाली ओलीकडे जातं. बी धरणं हीच खरी गंमत! चोच असलेल्या बोंडात दोनच बिया, आत आकड्यासारखा दांडा, बोंड वाळून तडकलं की तो बी लांब भिरकावतो. म्हणून तपकिरी व्हायला लागलं की तोडून कागदी पिशवीत टाकायचं.

आपल्या काळ्या मातीत ही तहानेनं कमी अन् साचलेल्या पाण्यानं जास्त मरते. ती माती भिजली की फुगते, मुळांना हवा मिळत नाही, सडतात. मुरूम मिसळून वीतभर उंच वरंबा करा, बस.

छाटणी मिरगाच्या सुमाराला. शेंड्यात बनणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खालचे डोळे (कोंब) दाबून ठेवतं, शेंडा उडवला की ते सुटतात, आणि पानं समोरासमोर असल्यानं एका कापाखाली बहुतेक दोन फांद्या फुटतात, म्हणजे झुडूप गच्च अन् फुलंही जास्त. गणपतीनंतर कात्री लावाल तर कळ्याच जातील. पानांवर काटेरी अळ्या दिसल्या तर फवारा मारू नका, त्या बहुधा पॅन्सी फुलपाखरांच्या असतात, खाल्लेली पानं परत येतात.